शहरी माणसाची लांबची सुट्टी: आखणी कशी करावी

मुंबई-पुण्याच्या मध्यवर्ती भागात राहणारं, लोकलच्या पासावर आणि रिक्षावर वर्ष काढणारं कुटुंब रोजच्या प्रवासात फारच थोडं इंधन जाळतं. तेच कुटुंब मे महिन्यात काश्मीरला, दिवाळीत केरळला आणि एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीत गोव्याला विमानानं जाऊन येतं आणि वर्षभर वाचवलेलं चार दिवसांत उडवतं. हेलसिंकी, ऑस्लो आणि जर्मनीतल्या शहरांच्या अभ्यासांत हे चित्र वारंवार दिसलं आहे: दाट वस्तीत राहणारी माणसं रोज कमी अंतर कापतात, पण सुट्टीत जास्त लांब जातात.

घर लहान, अंगण नाही, खिडकीखाली हॉर्न, म्हणून माणूस शहराबाहेर पळतो, हे स्पष्टीकरण ऐकताक्षणी पटतं. पण त्याच्या बाजूचा पुरावा संमिश्र आहे. उत्पन्न, शिक्षण, जगभर पांगलेले मित्र-नातेवाईक आणि तासाभरावरचा विमानतळ ही कारणं जास्त भक्कम ठरली आहेत. शिवाय गाडी घेतली नाही की हप्ता, विमा, पार्किंगचे पैसे शिल्लक राहतात, आणि ते बहुतेकदा तिकिटांतच जातात. तेव्हा ठिकाण ठरवण्याआधी आपल्याला बाहेर ढकलतंय काय, हे पाहून घ्यावं. खालची पद्धत तिथूनच सुरू होते.

आधी गेल्या वर्षाचा ताळेबंद

कागद घ्या, मोबाइलमधले तिकिटांचे मेसेज उघडा आणि गेल्या १२ महिन्यांतल्या १०० किलोमीटरच्या पलीकडच्या सगळ्या सहली लिहून काढा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी: एकूण दिवस, दारापासून दारापर्यंत लागलेले तास (जाऊन-येऊन), माणशी खर्च, आणि ती सहल कुणाच्या सोयीनं ठरली. शेवटचा रकाना टाळू नका. 'शाळेची सुट्टी', 'ऑफिसच्या ग्रुपनं ठरवलं', 'तिकीट स्वस्त मिळालं', 'लग्न होतं' अशी उत्तरं येतात. 'तिथे जायचंच होतं' हे उत्तर यादीत किती वेळा येतं ते बघा.

इंधनाचा हिशेबही याच कागदावर उरकून घ्यावा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रोज २० किलोमीटर, वर्षात २५० दिवस, लिटरला १५ चा ॲव्हरेज धरला तर ५,००० किलोमीटरला ३३३ लिटर, म्हणजे सुमारे ७७० किलो. विमानाच्या इकॉनॉमी वर्गासाठी माणशी किलोमीटरला १०० ग्रॅम हा ढोबळ आकडा धरा. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. जाऊन-येऊन माणशी २३० किलो, चौघांचे ९२० किलो. एका दिल्लीवारीनं वर्षभराच्या ऑफिसच्या गाडीला मागे टाकलं. लंडन एका बाजूनं ७,२०० किलोमीटरच्या आसपास आहे. चौघांची वारी साडेपाच टनांच्या पुढे जाते. रेल्वेचा आकडा यापुढे किरकोळ आहे. हा हिशेब अपराधी वाटून घेण्यासाठी नाही. कुठली सहल वगळली तर फरक पडतो आणि कुठली वगळून काही साधत नाही, एवढं त्यातून कळतं. लोणावळ्याच्या चार फेऱ्या वाचवून युरोपची भरपाई होत नाही.

सुटका नेमकी कशापासून हवी आहे?

गरज ओळखायला चुकलं की दोन हजार किलोमीटर जाऊनही ती भागत नाही. झाडं आणि शांतता हवी असेल तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे; पुणेकरांना वेताळ टेकडी, तळजाई आहेत. आठवड्याला दोन सकाळी तिथे घालवल्या तर 'कुठेतरी जाऊया रे' ही तगमग बरीच कमी होते, आणि लांबची सहल घाईनं ठरत नाही. झोप हवी असेल तर प्रवास हा त्यावरचा सर्वांत महागडा आणि सर्वांत कुचकामी उपाय आहे. दोन दिवस घरी फोन बंद ठेवा. माणसं भेटायला हवी असतील तर हॉटेल कशाला, थेट त्यांच्याकडे जा. नवं काही बघायचं असेल तर मात्र लांब जावं आणि भरपूर दिवस काढून जावं. पुढचं सगळं या शेवटच्या गटासाठी.

चौथाईचा नियम

शहरी सहल फसण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे दिवस कमी आणि अंतर जास्त. विमान जवळ असल्यानं अंतर दिसेनासं होतं, तास मात्र जायचे तितके जातातच. त्यावर एक साधं माप वापरावं: सहलीतल्या जागेपणीच्या तासांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त तास जाण्या-येण्यात जाऊ नयेत.

दिवसाला १६ तास जागे धरा. दोन दिवसांची सहल असेल तर ३२ तास. प्रवासाला ८, म्हणजे एका बाजूला ४. चार दिवसांना एका बाजूला ८. आठ दिवसांना एका बाजूला १६. मुंबईहून महाबळेश्वर सुमारे २६० किलोमीटर. एरवी साडेपाच-सहा तास, जोडून आलेल्या सुट्टीत आठ. म्हणजे शनिवार-रविवारची महाबळेश्वरवारी या मापात बसतच नाही, आणि तिथून परतणारी माणसं सोमवारी ऑफिसात पेंगतात त्यात नवल नाही.

या मापात रात्रीच्या रेल्वेला मोठी सवलत मिळते, कारण बर्थवर झोपलेले तास मोजायचे नाहीत. मुंबई-दिल्ली राजधानी साडेपंधरा तासांच्या आसपास घेते, त्यातले सात झोपेचे. उरले साडेआठ, स्टेशनावर जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. विमानाचा दारापासून दारापर्यंतचा हिशेब करा: घरून विमानतळ दीड तास, दोन तास आधी हजेरी, उड्डाण सव्वादोन तास, सामान आणि बाहेर पडणं पाऊण तास, दिल्लीत मुक्कामी पोचणं तासभर. साडेसात. फरक एका तासाचा आणि स्टेशनावर जाण्या-येण्याचा, पण हॉटेलची एक रात्र वाचते ती वेगळीच.

गोव्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मुंबईत दादरहून पाळोळेला जायचंय. मोपाच्या विमानतळावर उतरलात तर तिथून पाळोळे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, टॅक्सीनं अडीच तास. घरापासून एकूण सात तासांच्या वर. दाबोळीला उतरलात तर पाऊण-एक तास वाचतो. रात्रीच्या कोकणकन्यानं गेलात तर सकाळी मडगाव, पुढे चाळीसेक किलोमीटर. जागेपणीचे तास सहाच्या आसपास. उत्तर गोव्यात मोरजी-हरमलला जायचं असेल तर चित्र उलटं होतं, मोपा सोयीचं. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. स्वस्त दिसतं म्हणून तिकीट काढायचं आणि वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला द्यायचे, हा प्रकार सर्रास घडतो.

तारखा: सगळं शहर एकाच दिवशी का निघतं

शहरातल्या सुट्ट्या ठरलेल्या असतात. शाळा, बँका, कार्यालयं, सगळ्यांचं कॅलेंडर एक. १५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आले की अख्खी मुंबई वाशी-कळंबोलीत उभी असते. यावर युक्त्या लढवून फारसं हाती लागत नाही. उपयोग होतो तो रजा वेगळ्या पद्धतीनं वापरण्याचा.

वर्षातल्या सहा छोट्या सहली एकत्र करून दोन करा: एक आठ-नऊ दिवसांची, एक चार-पाच दिवसांची. प्रत्येक सहलीला ठरावीक किंमत चुकवावी लागते, मग ती दोन दिवसांची असो की दहा: सामान बांधणं, शहराबाहेर पडणं, परतल्यावरचे कपडे, मोडलेला दिवस. सहा वेळा चुकवण्यापेक्षा दोनदा चुकवलेली बरी. नऊ दिवसांसाठी रजेचे पाच दिवस लागतात, मागे-पुढे शनिवार-रविवार. त्यात मधे एखादी सरकारी सुट्टी आली तर चार.

छोटी सहल मंगळवार ते शुक्रवार ठेवा आणि शनिवारी दुपारच्या आत घरी या. शहरातून लोक बाहेर पडत असताना तुम्ही आत येता. शाळकरी मुलं असतील तर हे जमत नाही हे खरं. त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीचा दुसरा आठवडा आणि मे ऐवजी एप्रिलचे परीक्षेनंतरचे दिवस हे दोन फटीतले काळ आहेत. भाऊबीज संपली की गाड्या आणि खोल्या दोन्ही मोकळ्या व्हायला लागतात.

रेल्वेचं आरक्षण

इथे शहरी माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, त्यामुळे जरा सविस्तर.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं. मोजताना प्रवासाचा दिवस धरायचा नाही. १२ सप्टेंबरला निघायचं तर १४ जुलै, सकाळी ८ वाजता. चार महिन्यांचे दोन झाल्यामुळे रजा आधी मंजूर करून घेणं सोपं झालं, पण गणपतीसाठीची झुंबड तेवढ्याच मिनिटांत आवळली गेली. कोकणच्या गाड्या त्या दिवसांत उघडल्या-उघडल्या वेटिंगला जातात. म्हणून तयारी आदल्या दिवशी पुरी करायची: आयआरसीटीसी या रेल्वेच्या आरक्षण संकेतस्थळावरचं खातं आधारशी जोडलेलं, प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरलेली, गाडीचा क्रमांक आणि वर्ग ठरलेला, पैसे यूपीआयनं. ओटीपी ज्या फोनवर येतो तो हातात. नेमक्या वेळी 'कुठली गाडी घेऊया' अशी चर्चा सुरू झाली की संपलंच.

एका नेहमीच्या तिकिटावर सहा प्रवासी चालतात, तत्काळवर चारच. पाच जणांचं कुटुंब तत्काळच्या भरवशावर असेल तर दोन तिकिटं, दोन फोन आणि दोन खाती लागतात. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं १० वाजता आणि बिगर-एसीचं ११ वाजता. दिवस मोजायचा तो गाडी सुरुवातीच्या स्टेशनातून सुटण्याचा. गाडी काल सुटून आज तुमच्या स्टेशनात येणार असेल तर तत्काळही एक दिवस आधी उघडतं. पुष्कळ जण इथेच चुकतात. ऑनलाइन तत्काळला जुलै २०२५ पासून आधार पडताळणी लागते. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

आजी-आजोबांना खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असताना चालतो. सहा जणांच्या तिकिटात आजींना घातलं की त्या मधल्या बर्थवर जातात आणि मग डब्यात अदलाबदलीच्या विनवण्या सुरू होतात.

वेटिंगचे प्रकार ओळखा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे गाडी सुटते त्या स्टेशनाच्या किंवा त्याच्या जवळच्या कोट्यातलं वेटिंग, सर्वांत लवकर सरकतं. पीक्यूडब्ल्यूएल आणि आरएलडब्ल्यूएल मधल्या स्टेशनांसाठीच्या छोट्या कोट्यांतली असतात. पाचवा-सहावा नंबरही कधी कधी अडकून बसतो. आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर दोघं, बसून. एका रात्रीसाठी चालेल, लहान मूल कडेवर असेल तर नको. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि ते घेऊन स्लीपर किंवा एसी डब्यात चढता येत नाही.

चढण्याचं स्टेशन विचार करून निवडा. मुलुंडच्या माणसानं सीएसएमटीला जाणं म्हणजे सामान घेऊन तासभर उलटं जाऊन पुन्हा घरावरूनच गाडीनं पुढे जाणं. ठाणे, कल्याण, पनवेल, बोरिवली यांपैकी जे जवळ आणि जिथे गाडी थांबते ते घ्या. ठाण्याला थांबा दोन-तीन मिनिटांचा असतो, त्यामुळे डबा कुठे येतो ते आधी बघून तिथेच उभं राहायचं. मोठ्या बॅगा चौघांत वाटून. पुण्यात काही गाड्या आता हडपसरहून सुटतात, तिकिटावरचं नाव वाचल्याशिवाय रिक्षाला 'पुणे स्टेशन' सांगू नका.

कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. दरडींच्या भागात गाड्या हळू चालवतात, सुटण्याच्या वेळाही बदलतात. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत पोचते, पावसाळ्यात ती आठवड्यातून कमी दिवस आणि जास्त वेळ घेऊन धावते. जोडून दुसरी गाडी किंवा विमान असेल तर किमान चार तास मोकळे ठेवा.

तीन-चार ठिकाणं घेऊन गोल फिरून परत यायचं असेल तर रेल्वेचं चक्राकार प्रवासाचं तिकीट विचारून पाहा. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येतं आणि तुकड्यातुकड्यांच्या तिकिटांपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. मोठ्या आरक्षण केंद्रात, वाणिज्य विभागात मार्ग लिहून द्यावा लागतो. मोबाइलवर होत नाही म्हणून हे फार कुणी वापरत नाही. राज्यातल्या राज्यात हिंडायचं तर एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार आणि सात दिवसांची पास योजना आहे.

विमान: कुठला विमानतळ, किती वाजता

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. पनवेल, कल्याणकरांना तो सोयीचा, बोरिवली-विरारकरांना नाही. 'मुंबई' म्हणून तिकीट काढताना कोड वाचा: बीओएम की एनएमआय. सर्वांत स्वस्त तिकीट पहाटे पाचचं असतं. डोंबिवलीहून त्यासाठी मध्यरात्री दीडला घर सोडावं लागतं, लोकल बंद, टॅक्सीचं भाडं वेगळं, आणि पहिला दिवस झोपेत. सकाळी नऊनंतरचं विमान हजार-दीड हजारानं महाग असलं तरी बहुधा तेच स्वस्त पडतं. देशांतर्गत इकॉनॉमीत सहसा १५ किलो मोठी बॅग आणि ७ किलो हातातली. घरीच वजन करा, काउंटरवर किलोमागे पैसे मोजायला कुणालाच आवडत नाही.

परदेशाचं एकच: युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्यासाठी जानेवारीतच अपॉइंटमेंट धरा, कारण मार्चनंतर मोठ्या शहरांतल्या केंद्रांवर तारखा मिळत नाहीत. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा.

वर्षभर उभी असलेली गाडी

शहरातली गाडी ऑफिस आणि भाजीबाजार यांच्यामध्ये तासाला वीस-पंचवीसच्या वेगानं फिरते, आणि मग एके दिवशी ती समृद्धी महामार्गावर १२० नं पळवली जाते. जून २०२५ मध्ये नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच गंभीर झाला आहे. गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी तपासा, म्हणजे बदलायचं ते बदलता येतं.

टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर दिसायला कितीही चांगला असला तरी काँक्रीटच्या लांब रस्त्यावर नेऊ नये. उन्हात उभं राहून रबर कडक होतं आणि सलग वेगात तापून फुटतं. हवा कमी असेल तर टायरच्या कडा सतत दुमडत राहतात आणि उष्णता आणखी वाढते. म्हणून हवा टायर थंड असताना भरायची, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे. सामान आणि पाच माणसं असतील तर त्याच स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा. स्टेपनीसुद्धा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंही बाद.

छोट्या फेऱ्यांत बॅटरी पुरती चार्ज होत नाही. तीन वर्षांहून जुनी असेल तर दुकानात भार लावून तपासून घ्या, नुसते व्होल्ट बघून कळत नाही. शहरातल्या अर्ध्या क्लचच्या सवयीनं प्लेट झिजलेली असते. सपाटीवर ते लक्षात येत नाही, आंबोलीच्या घाटात जळका वास आला की कळतं. कूलंटची पातळी, वायपरचे रबर, ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललंय का, एवढं बघितलं की पुरे.

फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे राज्याचे रस्ते, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा. समृद्धीवर पंप आणि उपाहारगृहं विरळ आहेत. चढण्याआधी टाकी भरून घ्या आणि दर दोन तासांनी, कंटाळा आला नसला तरी, थांबा. सरळ रस्ता डोळे उघडे ठेवून झोपवतो.

ऑफिस सुटल्यावर जेवून रात्री अकराला निघायचं आणि 'सकाळी पोचतोच' म्हणायचं, ही शहरी लोकांची सर्वांत वाईट सवय. सोळा तास जागा असलेला माणूस पहाटे दोन ते पाच या वेळात, जेव्हा शरीराला झोप सर्वांत अनावर असते, अनोळखी रस्त्यावर गाडी चालवतो. नऊला झोपा, साडेचारला निघा. सातच्या आत शहराची हद्द मागे पडते.

गणपतीत गाडीनं कोकणात जाणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्ग आणि पुणे-कोल्हापूरमार्गे घाट उतरणं यांची तुलना आपल्या गावाप्रमाणे करावी. माणगाव-महाडवाल्यांना दुसऱ्याचा उपयोग नाही. कणकवली-सावंतवाडीकरांना अंतर जास्त असूनही तोच बरा पडतो. अलीकडच्या वर्षांत सरकार या दिवसांसाठी टोलमाफीचे पास देतं, ते पोलीस ठाण्यातून किंवा आरटीओतून निघण्याआधी घ्यायचे असतात.

चार दिवसांत लेह? नको

रजा कमी, विमान जवळ, म्हणून मुंबईची माणसं समुद्रसपाटीवरून सकाळी निघून दुपारपर्यंत ३,५०० मीटरवर लेहला उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड गाठतात. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, तिथे रजेचा अर्ज दाखवून चालत नाही.

विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच: पहिला दिवस खोलीत, दुसरा बाजारापर्यंत. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. तिसऱ्या दिवशी नुब्रा खोरं. वाटेत खारदुंग ला ओलांडावी लागते, पण तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही, आणि नुब्रातल्या दिस्कितचा मुक्काम लेहपेक्षा कमी उंचीवर असतो. चार हजार मीटरच्या वरच्या पँगाँग तलावाचा मुक्काम त्यानंतर. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये हा सर्वमान्य नियम, आणि पँगाँगला तो या क्रमानंही मोडतोच, म्हणून तो मुक्काम शरीर सरावल्यावर, शेवटी ठेवायचा. म्हणजे किमान सात दिवस हवेत. दहा असतील तर श्रीनगर-कारगिलमार्गे रस्त्यानं चढा, उंची हळूहळू वाढते. मनालीकडून चढताना सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर पडतो आणि तिथेच लोक आजारी पडतात. तो रस्ता परतीसाठी ठेवा.

डोकेदुखी, मळमळ, भूक मेली तर चढणं थांबवा. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरा, सकाळची वाट बघू नका. डायमॉक्स ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

घर बंद करताना, परत येताना

गॅसचा रेग्युलेटर बंद, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, गीझरचं बटण बंद. पाण्याचा व्हॉल्व्ह लोक विसरतात आणि खालच्या मजल्यावर गळती सुरू होते. किल्ली सोसायटीत कुणाकडे आहे हे सेक्रेटरींना सांगून ठेवा. फ्रीज रिकामा करून जाणार असाल तर त्याचं बटण बंद करा आणि दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर आठवड्यात बुरशी येते. कुंड्या आंघोळीच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, एकमेकींना चिकटून.

परतीचं तिकीट शनिवारचं काढा. रविवारी रात्री उशिरा उतरलं की टॅक्सीची रांग, कपड्यांचा ढीग आणि सोमवारचा डबा एकदम अंगावर येतात. रेल्वेनं येत असाल तर घराजवळच्या स्टेशनावर उतरता येईल असं आरक्षण करा, पण गाडी तिथे दोनच मिनिटं थांबत असेल तर आधीच्या स्टेशनापासून सामान दाराशी आणून ठेवा.